पेपर कसा गेला?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. पाच महिने ह्यूस्टनला मुलाकडे होते. तिथे लिहिण्यासारखं पुष्कळ घडलं, पण त्यांच्या लॅपटॉपवर मला काही मराठी टाईप करायला जमेना. परत आल्यावर आधी घर आवरलं, मग दिवाळी आली, मग गुडघा. आता मात्र जे डोक्यात धुमसतंय ते लिहून टाकते. आधीच सांगते, आज मी भांडायला बसले आहे. आणि भांडण परक्या कुणाशी नाही, हा ब्लॉग वाचणाऱ्या माझ्या नातेवाईक मंडळींशी आहे. त्यात मीही आलेच.

भांडणाचं कारण म्हणजे एक प्रश्न. "पेपर कसा गेला?"

छत्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. हा प्रश्न किती वेळा विचारला असेल याची गणती नाही. दहावीच्या केंद्राच्या फाटकाशी उभं राहून विचारला, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी मुलाला विचारला, मुंजीच्या पंगतीत विचारला. परीक्षेहून आलेल्या पोराच्या हातात आधी पाण्याचा तांब्या द्यायचा की आधी प्रश्न विचारायचा, ही प्रत्येक घरची रीत वेगळी. आमच्या घरी प्रश्न आधी.

तर माझी नात. चार वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा करून ती 2025 च्या मे महिन्यात पदवीधर झाली. आपल्याकडे नर्सिंगची पदवी हातात आली की नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते आणि मुलगी कामाला लागते. अमेरिकेत तसं नाही. पदवीनंतर आणखी एक परीक्षा असते, तिचं नाव एनक्लेक्स. ती पास झाल्याशिवाय तिथल्या कुठल्याच राज्यात रजिस्टर्ड नर्स म्हणून परवाना मिळत नाही. आपल्याकडून, विशेषतः केरळातून, ज्या मुली नर्स म्हणून अमेरिकेला जातात त्यांनाही हीच परीक्षा द्यावी लागते. नातीला एका हॉस्पिटलने आधीच निवडलं होतं. तात्पुरत्या परवान्यावर, अनुभवी नर्सच्या हाताखाली तिचं कामही सुरू झालं होतं. पण नापास झाली तर तो तात्पुरता परवाना तिथल्या तिथे संपतो. पुन्हा बसायचं तर निदान 45 दिवस थांबायचं, आणि पुन्हा 200 डॉलर भरायचे.

हे सगळं मला माहीत होतं. मुलाने दोनदा समजावून सांगितलं होतं. तरी जूनमधल्या त्या गुरुवारी दुपारी ती दार उघडून आत आली, पायातले बूटही काढले नव्हते, आणि मी सोफ्यावरून विचारलं, "कसा गेला गं पेपर?"

"आजी, मला माहीत नाही."

आता इथे गप्प बसावं की नाही? पण जन्माची मास्तरीण. मी म्हटलं, "माहीत नाही म्हणजे काय? सोडवलास ना तूच?"

ती काही बोलली नाही. वर जाऊन तिने दार लावून घेतलं. सूनबाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कुकर लावायला गेली. ते बघणं मला अजून आठवतं.

त्या रात्री मुलाला बसवून मी ही परीक्षा नेमकी चालते कशी ते नीट विचारून घेतलं. आणि जसजसं कळत गेलं तसतशी मी खजील होत गेले. कारण नातीने मला अगदी खरं उत्तर दिलं होतं. ही परीक्षा दिलेल्या माणसाला ती कशी गेली हे माहीत असूच शकत नाही. ती मुळात तशी बांधलेलीच आहे.

पूर्वी ही परीक्षा कागद-पेन्सिलवर, वर्षातून दोन वेळा, दोन दोन दिवस चालायची. 1994 पासून ती संगणकावर आली, आणि तेव्हापासून सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका ही भानगड संपली. तुम्ही एक उत्तर दिलंत की त्यावरून यंत्र पुढचा प्रश्न निवडतं. बरोबर आलं तर पुढचा जरा अवघड, चुकलं तर जरा सोपा. आमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धांत उंच उडी असायची तसंच समजा. काठी ओलांडली की काठी वर चढते. फरक एवढाच की इथे काठी पडली की ती खाली येते आणि उड्या चालूच राहतात. चांगली उडी मारणाऱ्या पोरीलाही काठी कुठेतरी पाडावीच लागते, त्याशिवाय तिची उंची कळत नाही. यंत्र मुद्दामच असे प्रश्न शोधत जातं की ज्यांचं उत्तर त्या मुलीला येण्याची आणि न येण्याची शक्यता साधारण सारखी असावी. म्हणजे हुशार मुलगीसुद्धा निम्म्याच्या आसपास प्रश्न चुकवून बाहेर येते. शाळा-कॉलेजात जन्मभर नव्वद टक्के घेतलेली पोर! तिला बाहेर आल्यावर काय वाटत असेल सांगा. तिला वाटतं, मी बुडाले.

बरं, प्रश्न तरी किती? तर तेही ठरलेलं नाही. 2023 च्या एप्रिलपासून नवी पद्धत आली. तिच्यात कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास. ही मुलगी नक्की पात्रतेच्या वर आहे किंवा नक्की खाली आहे, अशी यंत्राची 95 टक्के खात्री झाली की पडदा बंद. निरोप नाही, शाबासकी नाही, काही नाही. 85 ला बंद झाला तर तो उत्तम म्हणून झाला की अगदीच वाईट म्हणून, हे कळायला मार्ग नाही. 150 पर्यंत गेला तर तुम्ही काठावर आहात एवढंच. काठावरचे पासही होतात. शिवाय त्यातले 15 प्रश्न मोजलेच जात नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी ते नुसते तपासून बघत असतात. आणि कुठले ते 15, हे परीक्षार्थींना सांगत नाहीत.

आणि गुण? गुण नाहीतच. पास किंवा नापास, बस्स. (नापास झालात तर कुठे कमी पडलात याचा एक कागद मिळतो. पास झालात तर तोही नाही.) आपल्या दहावी-बारावीला निदान गुणपत्रिका हातात येते, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवता येते, फेरतपासणीला टाकता येते. भांडायला काहीतरी कागद असतो.

आता माझ्या प्रिय नातेवाईकांनी शुक्रवार ते सोमवार काय केलं ते सांगते. नावं घेत नाही. ज्याचं त्याला कळेल :)

पहिला फोन वन्संचा, आपल्या संध्याकाळी, म्हणजे तिथल्या सकाळी. "वहिनी, किती प्रश्न आले तिला?" त्यांच्या शेजारणीची भाची हीच परीक्षा देऊन गेली आहे, त्यामुळे वन्संकडे आकड्यांचं शास्त्र तयार. कमी आले म्हणजे सुटली, जास्त आले म्हणजे अवघड. मी आकडा सांगितला नाही, तर त्यांनी ओळखलं की आकडा वाईटच असणार! नंतर हाच आकडा तीन जणांनी तीन फोनांवर मागितला. घरच्या ग्रुपवर तर त्यावर पैजा लागायच्या बाकी होत्या. पत्रिका बघतात तसं चाललं होतं. ज्या आकड्यावरून परीक्षा दिलेल्या मुलीला काही कळत नाही, त्यावरून सांगलीत बसून निकाल निघत होते.

दुसरा फोन भाच्याचा. तो स्वतः इंजिनियर, त्यामुळे त्याला तपशील हवा. "कोणकोणते प्रश्न होते? एखादा सांग ना, मी गूगल करून बघतो." हे तर फारच झालं. परीक्षेला बसताना या मुलींकडून कबूल करून घेतलेलं असतं की यातला एकही प्रश्न बाहेर कुणाला सांगणार नाही. फोन पाकिटात सीलबंद, तळहाताच्या शिरांची छाया यंत्रावर घेतलेली, कच्चं लिहायला दिलेली पाटीसुद्धा जाताना परत द्यायची. म्हणजे भाचेबुवा, तुम्ही प्रेमाने विचारत होतात ते त्या पोरीने आपला शब्द मोडावा म्हणून. नर्स होऊ घातलेल्या मुलीने. उद्या तुमच्या आजाराची गोष्ट तिने अशीच कुणाला सांगितलेली चालेल का तुम्हाला?

तिसरा फोन ज्यांचा होता त्यांच्यावर मी अजून रागावलेली आहे. त्या म्हणाल्या, "एवढं काय टेन्शन घ्यायचं? नर्सच तर व्हायचंय, डॉक्टर थोडीच." मी तेव्हा काही बोलले नाही, आता बोलते. नव्या पद्धतीच्या एनक्लेक्समध्ये सुट्या प्रश्नांखेरीज रुग्णांची आख्खी प्रकरणं असतात. रुग्णाची टिपणं समोर, त्यावर सहा प्रश्न: यात महत्त्वाचं काय, कशाचा धोका आहे, आधी काय करशील, केलेल्याचा उपयोग झाला का. म्हणजे रात्री तीन वाजता वॉर्डात डॉक्टर नसताना कुणाच्या खाटेकडे आधी धावायचं, याची ती परीक्षा आहे. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा तुमच्या उशाशी रात्रभर कोण होतं? डॉक्टर सकाळी राऊंडला पाच मिनिटं आले होते. मी तिथेच स्टुलावर बसले होते, मला आठवतंय.

आणि मग सल्ले. प्राणायाम कर. अमक्या बाबांचं प्रवचन यूट्यूबवर ऐक. रामरक्षा म्हण. पॉझिटिव्ह विचार कर. मी स्वतः रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणते, त्यामुळे कुणी गैरसमज करून घेऊ नये. पण या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते की मुलीत काहीतरी बिघडलंय आणि ते दुरुस्त करायला हवं. मला विचाराल तर त्या चार दिवसांत त्या घरात सगळ्यांत शहाणी तीच होती. आयुष्यातली मोठी गोष्ट ठरलेली आहे, पण आपल्याला कळलेली नाही. अशा वेळी ज्याला शांत झोप लागते त्याचं मला कौतुक नाही, नवल वाटतं. झोप न लागणं हा तिचा दोष नव्हता. तिला दोष लावणं मात्र आम्हा सगळ्यांना जमलं.

न्यायाचं बोलायचं तर उशिराबद्दल मी त्या परीक्षावाल्यांना फार बोल लावणार नाही. उत्तरं केंद्रातल्या यंत्रावर एकदा तपासली जातात आणि मग दुसरीकडे पाठवून पुन्हा एकदा. मॉडरेटरची लाल खूण बघितलेल्या बाईला दुसऱ्या तपासणीची किंमत कळते. अधिकृत निकाल राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडून येतो, त्याला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात. घाई असेल तर दोन कामाच्या दिवसांनी, बोर्डाने ही सोय घेतली असेल तर, पैसे भरून निकाल बघता येतो. किती पैसे? 7 डॉलर 95 सेंट. हे मला खटकलं. 200 डॉलर घेतलेत ना एकदा? दोन दिवसांनी तुमच्याकडे उत्तर तयार आहे, मुलगी इकडे कासावीस झाली आहे, आणि तुम्ही त्या कासाविशीला भाव लावता! रक्कम किरकोळ आहे हे मला मान्य. पण शाळेच्या शिपायाने निकाल आधी सांगायचे आठ आणे मागितले असते तर आम्ही त्याला हेडसरांपुढे उभा केला असता.

यात शनिवार-रविवार कामाचे दिवस नाहीत. गुरुवारी परीक्षा, म्हणजे निकाल सोमवारी. चार रात्री.

या वेळात तिकडच्या मुली एक गंमत करतात. गंमत कसली, केविलवाणा प्रकार. परीक्षा झाल्यावर काही तासांनी तीच मुलगी पुन्हा त्याच परीक्षेची नोंदणी करायला जाते. यंत्राने अडवलं की समजायचं पास, आणि न अडवता फी कार्डावरून कापून घेतली की समजायचं नापास. म्हणजे नापास झाल्याची नुसती शंका विकत घ्यायला 200 डॉलर. यावर विसंबू नका, निकाल फक्त बोर्डाकडूनच येतो, असं परीक्षा घेणारे सांगतात. पण ऐकतो कोण? माझं माहेर कोकणातलं. आमच्याकडे देवाला कौल लावायचे. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली तर होकार, डावीकडून पडली तर नकार. आजोबा म्हणायचे, कौल लावतो तो देवासाठी नाही, रात्र सरावी म्हणून. संगणकापुढे बसलेल्या नातीकडे बघून मला तेच आठवलं. शुक्रवारी रात्री ती बराच वेळ ते पान उघडून बसली होती. मग तिने लॅपटॉप मिटला आणि आख्खा फ्रिज रिकामा करून धुतला. रात्री साडेबाराला. मी काही विचारलं नाही, लोणच्याच्या बरण्या पुसून दिल्या.

बरण्या पुसताना मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. तिचं नाव लिहीत नाही. दहावीचा पहिला पेपर मराठीचा. मी फाटकाशी प्रश्नपत्रिका घेऊन उभी, मुली भोवती गोळा, आणि मी एकेक व्याकरणाचा प्रश्न घेऊन उत्तर सांगतेय. केवढी मिरवत होते मी! या मुलीने द्विगूच्या जागी कर्मधारय लिहिला होता. जेमतेम एका गुणाचा प्रश्न. तिचा चेहरा पडला तो मी पाहिला होता, पण मी पुढच्या प्रश्नाकडे गेले. पुढे वीसेक वर्षांनी ती मला साताऱ्याच्या स्टँडवर भेटली. कडेवर मूल. पाया पडली, चहा पाजला आणि हसत हसत म्हणाली, "बाई, त्या दिवशी तुम्ही तो समास सांगितला नसतात तर बरं झालं असतं. रात्रभर मी तोच घोकत बसले, दुसऱ्या पेपरला डोकंच चालेना." ती हसत होती, मीही हसले. एस.टी.त बसल्यावर मात्र मला हसू आलं नाही.

तिचा पेपर तर तेव्हा संपलेला होता. लिहिलेलं बदलता येणार नव्हतं. मग ते उत्तर मी सांगितलं कुणासाठी? तिच्यासाठी नक्कीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही काळजीपोटी विचारतो. न विचारावं तर मुलं म्हणणार, कुणाला पर्वाच नाही. हे मी नातीलाही विचारलं. तिचं उत्तर जसंच्या तसं देते: "आजी, तू विचारलंस की मला माझं टेन्शन सांभाळायचं असतं, आणि वर तुझंही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमची काळजी आम्हाला सोसत नाही म्हणून आम्ही ती फोन करून तिच्या पदरात टाकतो, आणि वर म्हणतो बघा आम्ही किती आपुलकीने विचारलं. ज्याला खरोखर पर्वा आहे त्याने "जेवलीस का" विचारावं. नाहीतर कांदे चिरून द्यावेत. आमच्या शेजारच्या तेलुगू बाईंनी शनिवारी डबाभर पुलिहोरा आणून दिला, नातीशी त्यांच्या कुत्र्याबद्दल दहा मिनिटं बोलल्या आणि गेल्या. परीक्षेचं त्यांना माहीत होतं. त्यांनी नावसुद्धा काढलं नाही.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही दोघी फिरायला गेलो. ह्यूस्टनचा उन्हाळा म्हणजे भिजवलेल्या घोंगडीत चालणं. तेव्हा ती आपणहून बोलली. परीक्षेबद्दल नाही. कामावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना रात्री भीती वाटायची म्हणून ते दर अर्ध्या तासाने बेल वाजवायचे. बाकीच्या वैतागायच्या. ही न बोलावता दर वीस मिनिटांनी त्यांच्या दाराशी नुसती उभी राहून यायला लागली, तशी बेल थांबली. मी विचारलं, "काय बोलायचीस त्यांच्याशी?" म्हणाली, "काहीच नाही. मी दिसले की त्यांना बरं वाटायचं."

ही गोष्ट लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, लिही, पण निकाल लिहू नकोस. त्यामुळे निकाल मी इथे लिहिणार नाही. खाली कुणी विचारलं तरी सांगणार नाही, आणि ज्यांना आधीच माहीत आहे त्यांनीही शहाणपणा करू नये.

सोमवारी सकाळी सात वाजता, निकाल बघायच्या आधीच, वन्संचा पुन्हा फोन आला. फोन मी घेतला. "काय वहिनी, काही कळलं का?"

म्हटलं, "कळलं ना. तुमच्याकडे पाऊस सुरू झाला म्हणे. पेरण्या झाल्या का?"

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "अजून वाफसा नाही." आणि पुढची पंधरा मिनिटं आम्ही सोयाबीनच्या बियाण्याच्या भावावर बोलत होतो.